विसर्ग बंद झाल्याची बातमी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पहिल्या पानावर धरणाचा रंगीत फोटो होता. सहा दरवाजे एक फुटाने उचललेले, खाली पांढराशुभ्र फेस, पुलाच्या कठड्याला टेकून मोबाईल धरलेली पोरं. ‘विसर्ग वाढवला, नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा’ असा मोठा मथळा. त्यानंतर चार दिवसांनी पाचव्या पानावर, तेही एका जाहिरातीच्या बगलेत, दोन ओळी आल्या : पावसाचा जोर ओसरल्याने विसर्ग बंद करण्यात आला. माझं हे पत्र त्या दोन ओळींबद्दल आहे, आणि त्यांत न आलेल्या माशांच्या पिलांबद्दल.

मी एका धरणावर ३१ वर्षं दरवाजे चालवले. १९८८ साली मजूर म्हणून लागलो, पुढे गेटचालक झालो आणि २०१९ साली निवृत्त झालो. धरणाचं नाव लिहीत नाही, कारण माझी तक्रार त्या एका धरणापुरती नाही, आणि जी आहे तीत मी स्वतःही आरोपी आहे. बटण माझ्याच बोटाखाली होतं.

पाणी सोडायच्या आधी भोंगा वाजतो. तीनदा, लांबलचक. सरपंचांना, पोलीस पाटलांना फोन जातात, नदीत कुणी धुणं धूत असेल, मोटार काढत असेल तर तो वर येतो. हे असायलाच हवं. हिमाचलात बियास नदीवर ८ जून २०१४ ला वरच्या धरणातून अचानक पाणी आलं आणि सहलीला आलेले २४ विद्यार्थी वाहून गेले. त्या दिवसापासून मी भोंग्याची तार रोज तपासायला लागलो. पण पाणी बंद करताना भोंगा वाजत नाही. कुणासाठी वाजवायचा? पाणी उतरताना माणसाला धोका नसतो. म्हणून पाणी चढवताना आम्ही टप्प्याटप्प्याने, दर तासाला बिनतारी संदेश देत चढवायचो, आणि उतरवताना मात्र वरून निरोप आला की एकामागून एक सहाही दरवाजे खाली. चाळीस मिनिटांत काम फत्ते. मग चहा.

१९९४ च्या सप्टेंबरात एकदा असाच पहाटे दरवाजे टाकून मी खाली पट्टी बघायला गेलो. पट्टी म्हणजे नदीच्या कडेला रोवलेली पाण्याची उंची मोजायची रंगवलेली पट्टी. रात्री जिथे गुडघाभर पाणी होतं तिथे ओला चिखल आणि गोटे. त्या चिखलात आदल्या संध्याकाळी पाण्यावर आलेल्या म्हशींचे खूर उमटले होते आणि प्रत्येक खुरात वाटीभर पाणी राहिलं होतं. एका खुरात मला काहीतरी हललेलं दिसलं. बसून बघितलं तर बारीक काळे ठिपके जोडीजोडीने फिरत होते. ठिपके म्हणजे माशांच्या पिलांचे डोळे. बाकी अंग काचेसारखं, आरपार, तांदळाच्या दाण्याहून थोडं लांब. एका खुरात नऊ मोजली, शेजारच्या खुरात चौदा. थोडं पुढे गोट्यांच्या फटींत पाणी संपलेलं होतं आणि तिथे ती नुसती चिकटून बसली होती, ओलसर, अजून मान हलवत असल्यासारखी. आठ वाजता ऊन आलं. दहा वाजता परत गेलो तेव्हा खुरातलं पाणी हाताला कोमट लागत होतं आणि ठिपके फिरत नव्हते.

मी जेवणाच्या डब्याचं झाकण भरून काही पिलं नदीत नेऊन सोडली. किती? पन्नास-साठ असतील. तेवढ्याच वाटेवर हजारो होती. डबा घेऊन फिरणारा गेटचालक बघून आमच्या कालवा निरीक्षकांनी दोन वर्षं माझी थट्टा केली.

खालच्या अंगाला एक भोई मामा जाळं टाकायचे. त्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “आण्णा, तुम्ही पाणी सोडता त्यानं मासा मरत नाही. तुम्ही पाणी तोडता त्यानं मरतो.” मला वाटलं, म्हातारा बोलायचं म्हणून बोलतोय. मग मी वहीत लिहायला लागलो : किती वाजता दरवाजा टाकला, पट्टीवर पाणी किती उतरलं, काठाने शंभर पावलांत किती पिलं कोरडी पडली. शाळेत मी सातवीपर्यंतच होतो, त्यामुळे याला संशोधन वगैरे म्हणू नका. पण दहा-बारा पावसाळे लिहिल्यावर मामांचं म्हणणं अक्षरशः खरं निघालं.

हे का होतं ते सांगतो, कारण बहुतेकांना वाटतं की मासा म्हणजे पोहणारा प्राणी, पाणी उतरलं तर तोही पाण्याबरोबर उतरेल.

मोठा मासा उतरतो. पिलू उतरत नाही. अंड्यातून निघालेल्या एवढ्याशा जिवाला मधल्या धारेत तग धरता येत नाही, आणि डोहात मोठे मासे त्याला गिळायला टपलेले असतात. म्हणून ते कडेला राहतं. घोट्याएवढं पाणी, धार जवळजवळ नाही, उन्हाने जरा उबदार, गोट्यांवर शेवाळ, शेवाळात त्याला खायला सूक्ष्म जीव. नदीतली ही कडेची दोन-चार वाव (बारा-चोवीस फूट) रुंदीची पट्टी म्हणजे माशांची बालवाडी. आणि पाण्याची पातळी खालीवर झाली की नदीत सगळ्यात आधी कोरडी पडते तीही हीच पट्टी.

आता हिशेब बघा. सपाट पुळणीचा, म्हणजे काठच्या वाळू-गोट्यांच्या पसरट जागेचा, उतार पन्नासाला एक असा असतो, म्हणजे पन्नास फूट चाललं की एक फूट खोल. तिथे पाणी तासाभरात एक फूट उतरलं तर पाण्याची कड पन्नास फूट मागे सरकते. पिलाला तेवढं अंतर पोहता येत नाही असं नाही. पण घाबरलं की ते खोल पाण्याकडे पळत नाही, जवळच्या गोट्याखाली शिरतं. त्याला जन्मापासून तेवढंच माहीत आहे. आपण पाणी ओढून घेतो आणि ते गोट्याखाली लपून वाट बघत बसतं. आमच्या काळ्या खडकाच्या नद्यांत आणखी एक सापळा असतो, रांजणखळग्यांचा. निघोजजवळ कुकडीच्या पात्रातले खळगे बघायला लोक लांबून येतात. असे लहानमोठे खळगे दख्खनच्या कितीतरी नद्यांत आहेत. पाणी उतरलं की खळगा नदीपासून तुटतो. त्यातला मासा दोन-चार दिवस जिवंत असतो, मग पाणी तापतं किंवा बगळा येतो.

वहीतून मला आणखी एक गोष्ट कळली, आणि ती मला कुठल्याही साहेबाने सांगितली नव्हती. पाच हजार क्युसेकवरून (एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी) चार हजारावर आलो तर पट्टीवर फार फरक दिसत नाही. पात्र भरलेलं असतं, काठ उभे असतात, पाणी वितभर उतरतं. पण एक हजारावरून शून्यावर आलो की सगळी पुळण उघडी पडते, फाटे (नदीचे बाजूचे प्रवाह) तुटतात, खळगे सुटे होतात. म्हणजे क्युसेक तेवढेच, पण जीव जातात ते शेवटच्या हजारात. आम्ही नेमके शेवटचे हजार सगळ्यात घाईने बंद करायचो, कारण तोवर पाळी संपत आलेली असायची.

वेळही वाईट. आपल्या नद्यांतले बरेच मासे पावसाळ्यात अंडी घालतात. पहिल्या पुराबरोबर चढणीचे मासे वर येतात ते त्यासाठीच. खडस मासा गोट्यांवर अंडी टाकतो, ती फुटायला तीन-चार दिवस लागतात, आणि फुटल्यावरही पिलू पोटाची पिवळी पिशवी संपेपर्यंत बरेच दिवस गोट्यांच्या फटीत उजेडापासून लपून राहतं. आता धरणाचं वेळापत्रक आठवा. ऑगस्टच्या शेवटी धरण भरत येतं. त्यानंतर पडणारी प्रत्येक सर म्हणजे दरवाजे उघडा, सर थांबली की दरवाजे टाका. परतीच्या पावसात तर आठवड्यात तीनदा. धरण नसतं तेव्हा पूर उतरायला दिवस लागायचे, कधी आठवडा. आता पूर बटणावर उतरतो. ज्या गोट्यावर दोन दिवसांपूर्वी पाणी बघून माशाने अंडी टाकली, तो गोटा तिसऱ्या दिवशी उन्हात असतो.

वीजगृहाच्या पाण्याची कथा तर रोजचीच. विजेची मागणी संध्याकाळी वाढते, तेव्हा यंत्रं चालू, मध्यरात्री मागणी उतरली की बंद. कोयनेचं वीजनिर्मितीचं पाणी सह्याद्री ओलांडून वाशिष्ठीत उतरतं हे सगळ्यांना माहीत आहे. ज्या ज्या नदीला असं वीजगृहाचं पाणी मिळतं, तिथे दिवसातून एकदा भरती आणि एकदा ओहोटी, पण समुद्रासारखी ठरलेल्या वेळी आणि सावकाश नव्हे. उन्हाळी आवर्तनाचं, म्हणजे शेतीसाठी पाळीने सोडलेल्या पाण्याचं, थोडक्यात सांगतो : दहा-पंधरा दिवस नदी वाहती, बंधारे भरले की एका रात्रीत बंद. बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेल्या बंधाऱ्यांमागे पाणी साठतं, दोन बंधाऱ्यांच्या मधलं पात्र मात्र वाळून जातं.

खोलातून सोडलेल्या पाण्याबद्दलही एक वाक्य लिहायला हवं. तळाच्या विमोचकातून, म्हणजे चाकाने उघडायच्या धरणाच्या पायथ्याच्या वाटेतून, येणाऱ्या पाण्याला उन्हाळ्याच्या शेवटी कुजक्या अंड्यासारखा वास यायचा. हात घातला तर गार. तळाच्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. फेस होऊन खाली पडताना तो थोडा मिसळतो, पण पहिल्या अर्ध्या मैलात मी मासा बघितलेला नाही.

यात कोण टिकतं आणि कोण जातं, हे बघितलं की माझा मुद्दा पटेल. चिलापी आज प्रत्येक डबक्यात आहे. ती आपली नव्हे, आफ्रिकेतली. भारतात ती १९५२ साली आणली गेली. चिलापीची मादी अंडी आणि पिलं तोंडात घेऊन फिरते. पाणी उतरलं तर ती पिलांसकट खोल पाण्यात जाते. आमची खडस, आमचा कोळस गोट्यांवर अंडी टाकून नदीवर भरवसा ठेवतात. नदीचा भरवसा आपण काढून घेतला, मग जी तोंडात पोरं घेऊन पळू शकते ती जिंकणारच. खडकाला तोंडाखालच्या चकतीने चिकटून राहणारा मळ्या लहानपणी मी ओंजळीने पकडलेला आहे. आता आमच्या पुलाखाली तो दाखवायला म्हणून शोधावा लागतो. (सगळा दोष धरणाचा नाही. वाळूउपसा आहे, कारखान्यांचं पाणी आहे, स्फोटकं टाकून मासे मारणारे आहेत. पण त्यावर पत्रं येतात, मोर्चे निघतात. यावर कुणी बोलत नाही.)

याच माशांची नावं थेट शास्त्राच्या पुस्तकात गेली आहेत. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या नद्यांतले मासे गोळा करून १८३९ साली त्यांची वर्णनं प्रसिद्ध केली आणि लॅटिन नावं देताना इथल्या लोकांच्या तोंडची नावं उचलली. म्हणून जगभरचे शास्त्रज्ञ आजही मळ्याला ‘गारा मुल्या’ म्हणतात, खडशीला ‘टोर खुद्री’ आणि कोळसाला ‘हिप्सेलोबार्बस कोलस’. नातवाने मला हे मोबाईलवर दाखवलं तेव्हा मी त्याला तीनदा वाचायला लावलं. आमच्या मामांच्या आज्या-पणज्याने घेतलेलं नाव लंडनमध्ये छापलं गेलं, आणि मासा इथे खुरातल्या पाण्यात.

यावर नेहमीचं उत्तर असं की, आम्ही धरणात मत्स्यबीज सोडतो ना. सोडतात, खरं आहे. पण बहुतेक वेळा ती बोटुकली कटला, रोहू, मृगळ यांची असते. हे उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांतले पाहुणे, आणि ते धरणात वाढतात, खालच्या नदीत नव्हे. लोणावळ्याजवळ वळवणच्या तलावाकाठी महाशीराची, म्हणजे आमच्या खडशीच्या जातीची, पैदास १९७० च्या दशकापासून होते आहे, आणि ते काम मोठं आहे यात शंका नाही. पण बोटभर वाढवलेलं पिलू नदीत सोडलं तरी उद्या त्याने घातलेली अंडी कुठे फुटणार? त्याच पुळणीवर, जिथे रात्री पाणी असतं आणि सकाळी नसतं.

दुसरं उत्तर असं की, नदीत किमान पाणी सोडण्याचा आदेश आहेच. आहे. राष्ट्रीय हरित लवादाने ऑगस्ट २०१७ मध्ये सांगितलं की, कोरड्या हंगामातल्या सरासरी प्रवाहाच्या १५ ते २० टक्के पाणी नद्यांत राहायला हवं. गंगेसाठी केंद्राने २०१८ साली महिन्यांप्रमाणे टक्केवारी ठरवून दिली. हे चांगलंच आहे. पण हे आकडे किती पाणी याचे आहेत. किती वेगाने, हा प्रश्न वेगळा. महिन्याची सरासरी उत्तम राखूनसुद्धा एका रात्रीत नदीतली सगळी पिलं मारता येतात. मी मारली आहेत.

आणि हे फक्त माझं वेड नाही. अमेरिकेत कोलोरॅडो नदीवर ग्लेन कॅनियन नावाचं धरण आहे, १९६३ साली त्यात पाणी अडवायला सुरुवात झाली. तिथेही विजेसाठी पाणी रोज वरखाली व्हायचं. खालच्या दरीत पाठीला कुबड असलेला एक मासा आहे, हंपबॅक चब. तो फक्त कोलोरॅडो आणि तिच्या उपनद्यांतच सापडतो. त्याची पिलंही कडेच्या शांत पाण्यात वाढतात. खोलातून येणारं गार पाणी आणि रोजचा चढउतार, दोन्हींनी त्यांचे हाल केले. १९९६ च्या निर्णयात तिथे नियम झाला : विसर्ग वाढवायचा तर तासाला जास्तीत जास्त ४,००० क्युसेकने, आणि कमी करायचा तर तासाला १,५०० क्युसेकपेक्षा जास्त नाही. बघा, उतरवताना कडक, चढवताना सैल. आपल्या उलट. नियम केवळ माशासाठी नव्हता, वाळूचे किनारे आणि होडीवालेही त्यात होते, आणि २०१६ च्या आराखड्यात उतरवण्याची मर्यादा २,५०० पर्यंत सैलही केली. पण मर्यादा आहे, आकड्यात आहे, आणि त्या धरणाच्या गेटचालकाला ती पाळावी लागते. २०१८ पासून काही उन्हाळ्यांत तिथे आणखी एक प्रयोग झाला. शनिवार-रविवारी विजेची मागणी कमी, म्हणून ते दोन दिवस पाणी कमी आणि एका पातळीवर ठेवायचं. का, तर पाण्याच्या कडेला दगडांवर अंडी घालणाऱ्या किड्यांची अंडी कोरडी पडू नयेत. मासा जगायला किडा लागतो. २०२१ मध्ये त्या कुबडवाल्या माशाला ‘धोक्यात’च्या यादीतून एक पायरी खाली, कमी धोक्याच्या यादीत आणलं. ते एकट्या पाण्याच्या नियमामुळे झालं असं मी म्हणणार नाही, जलाशय आटून पाणी उबदार झाल्याचाही त्यात हात आहे.

नॉर्वेत ट्राउट माशाच्या पिलांवर प्रयोग झाले. पाणी तासाला १० सेंटिमीटरपेक्षा हळू उतरवलं तर अडकून मरणाऱ्या पिलांची संख्या खूपच घटते, असं त्यात दिसलं. दहा सेंटिमीटर म्हणजे चार बोटं. आमच्या पट्टीवर मी तासाला दोन फूट उतरलेले लिहिले आहेत. स्वित्झर्लंडने तर कायदाच बदलला, वीजगृहांच्या अशा चढउताराचं नुकसान २०३० पर्यंत दुरुस्त करायचं म्हणून. त्यांचा मासा वेगळा, पाणी वेगळं, हे मान्य. खडशीच्या पिलाला चार बोटं चालतील की सहा, हे इथेच मोजावं लागेल. पण मोजायला तरी सुरुवात करा.

पाणी वाया जाईल, असं आमचे साहेब म्हणायचे. तेव्हा मला उत्तर सुचत नसे, आता निवृत्तीनंतर कागद-पेन्सिल घेऊन केलं आहे. शेवटचे १,००० क्युसेक एकदम न तोडता आठ तासांत सारखे उतरवले, तर सरासरी ५०० क्युसेक आठ तास, म्हणजे १ कोटी ४४ लाख घनफूट पाणी. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. दहा टीएमसीच्या धरणात हा साधारण सातशेवा भाग झाला. आणि तोही वाया जात नाही. पाच हजाराचा विसर्ग चालू असताना उतरवायला पाऊण तास आधी सुरुवात केली, तर तेवढंच पाणी तिथे वाचतं आणि इकडे वापरलं जातं. हिशेब फिटला. पूर चढत असताना, धरणाला किंवा गावाला धोका असताना कुणी माशाचा विचार करावा असं मी म्हणत नाही. तेव्हा गेटचालकाने फक्त वरचा निरोप ऐकावा. मी बोलतोय ते येवा, म्हणजे धरणात येणारं पाणी, कमी झाल्यानंतरच्या, निवांत, चहाच्या वेळेबद्दल.

दरवाजाने एवढं बारीक पाणी सोडता येत नाही, हीही अडचण सांगतात. खरं आहे, वक्राकार दरवाजा अर्ध्या फुटाच्या खाली धरला की थरथरतो, मीच तो धरलेला आहे. म्हणून शेवटचं पाणी दरवाजाने नव्हे, विमोचकाने सोडायचं. सगळे दरवाजे टाकायच्या आधी विमोचक उघडायचा आणि मग त्याचं चाक दर तासाला थोडं थोडं फिरवत आणायचं. चाक फिरवायला एक माणूस लागतो. तो माणूस तिथे बसलेलाच असतो.

मी एकदा हे केलं. २००७ साली, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, रात्रपाळीला, कुणाला न विचारता. सात तास लावले. सकाळी पुळणीवर गेलो, शंभर पावलांत सहा पिलं कोरडी मिळाली. आधीच्या वर्षी त्याच जागी त्याच महिन्यात इतकी होती की मोजणं अर्ध्यावर सोडलं होतं. दोन दिवसांनी मला कारणे दाखवा नोटीस आली : आदेशित वेळेत विसर्ग बंद न केल्याबाबत. मी खुलासा लिहिला की, चाक जड झालं होतं, ग्रीस नव्हतं. खोटं लिहिलं. मासे लिहिले असते तर पुन्हा डब्याची थट्टा झाली असती. आज वाटतं, मासेच लिहायला हवे होते. निदान कार्यालयाच्या फायलीत तो शब्द एकदा तरी आला असता.

आपल्या राज्यात देशातली सर्वांत जास्त मोठी धरणं आहेत. प्रत्येकावर माझ्यासारखा कुणीतरी बसलेला आहे, आणि त्याच्याकडे जलाशय परिचालनाचा आराखडा असतो. कुठल्या तारखेला किती पातळी ठेवायची, सगळं त्यात तक्त्यात असतं. त्या तक्त्यात एक रकाना वाढवा, विसर्ग कमी करण्याचा ताशी वेग. बंद झाल्यावर पहिले दोन तास कुणीतरी काठाने चालू द्या, बादली घेऊन. खळगे आणि फाटे कुठे तुटतात ते एकदा नकाशावर मांडलं की पुढच्या वर्षी कुठे बघायचं ते कळतं. नदीकाठच्या भोई मंडळींना त्या फेरीसाठी बोलावलं तर आमच्यापेक्षा लवकर करतील, त्यांना जागा तोंडपाठ आहेत. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात दोन सरींच्या मध्ये दरवाजे पूर्ण न टाकता थोडं पाणी चालू ठेवता आलं तर फाटे तुटणारच नाहीत.

आपल्याकडे माझी मागणी छोटी आहे. ‘विसर्ग वाढवला’ ही बातमी छापताना तुम्ही किती क्युसेकवरून किती क्युसेकवर आणि किती वाजता, हे छापता. ‘विसर्ग बंद केला’ हे छापतानाही तेच तिन्ही आकडे छापा. किती वाजता सुरुवात झाली, किती वाजता शून्य झालं. बातमीदाराला हे आकडे पूरनियंत्रण कक्षातून मिळतात, एका फोनचं काम आहे. रोज कुणीतरी विचारतोय म्हटल्यावर चाळीस मिनिटांत सहा दरवाजे टाकताना माझ्या जागी बसलेल्या पोराचा हात जरा तरी अडखळेल. वह्या माझ्याकडे आहेत, अकरा आहेत, दोन उंदरांनी कुरतडल्यात. आपल्या बातमीदाराला हव्या असतील तर देईन. परतीचा पाऊस थांबल्यावर पहिल्या सकाळी पुलाखाली आला तर जागाही दाखवीन, मात्र उन्हाच्या आत यायला सांगा, आठच्या पुढे खुरातलं काही दिसत नाही.

आपला,
एक निवृत्त गेटचालक
(नाव व गाव छापू नये, ही विनंती)